भात्यावरचं विमान

श्रावणात चिखलदऱ्याला गेलेल्या पर्यटकाला देवी पॉइंटवर पुष्कळदा दरी दिसतच नाही. खालून चढत आलेले ढग कठड्याशी टेकतात, समोरचा गाविलगड पुसला जातो आणि हरिकेन पॉइंटवर उभी असलेली माणसं दोन हातांवरच्या सोबत्याला हाका मारू लागतात. पाय जमिनीवर आहेत तोवर यात मौज आहे. विमान अशा ढगात शिरलं की मौज संपते. खोटं विमान उडवून बघायचं यंत्र जगात आलं ते याच अडचणीपोटी. पुढे ते दिवाणखान्यातल्या टीव्हीसमोर येऊन बसलं, तरी अडचण तीच राहिली.

ढगात डोळे निकामी झाले की तोल सांभाळायला कानाचा आतला भाग उरतो. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये द्रव असतो. विमान हळूहळू एका अंगाला कललं आणि तसंच वळत राहिलं, तर थोड्या सेकंदांत हा द्रवही त्या वळणाशी जुळवून घेतो आणि मेंदूला निरोप जातो, सगळं सरळ चाललं आहे. वैमानिकाने विमान खरोखर सरळ केलं, तर त्याला आपण उलट बाजूला कललो असं वाटतं. तो पुन्हा पहिल्या चुकीकडे वळतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली अंधउड्डाणाचा सराव नसलेल्या २० जणांना ढगात शिरल्याची परिस्थिती देऊन पाहिलं. विसाही जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

या फसवणुकीवर दोन उतारे एकाच वर्षी सापडले. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल याने झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर एकदाही न बघता, विमान उडवलं आणि उतरवलंही. त्याच्यासमोर स्पेरी कंपनीचं कृत्रिम क्षितिज होतं. त्यात जायरोस्कोप असतो : वेगाने फिरणारं चक्र, जे विमान कसंही कललं तरी आपली दिशा सोडत नाही. कान काहीही सांगोत, काट्यावर विश्वास ठेवायचा, हा धडा तिथून सुरू झाला.

दुसरा उतारा न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावचा. एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. विमान शिकायला पैसे फार पडतात म्हणून लिंकने कारखान्यातलेच भाते आणि हवेच्या झडपा घेऊन जमिनीवरचं विमान बनवलं. आखूड पंखांची लाकडी पेटी, आत एकच खुर्ची. दांडा ओढला की भात्यात हवा भरे किंवा निघून जाई आणि पेटी त्या बाजूला झुके. विमानशाळांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. गिऱ्हाईक मिळालं ते करमणुकीच्या बागांमध्ये. नाणं टाका आणि उडा! बहिरमच्या यात्रेत आकाशपाळण्याशेजारी शोभून दिसलं असतं, असं ते प्रकरण होतं.

१९३४ च्या हिवाळ्यात अमेरिकेने टपालाची विमानं लष्कराकडे सोपवली. धुक्यात, बर्फात उडायची सवय नसलेले डझनभर वैमानिक काही आठवड्यांत प्राणाला मुकले. लष्करी अधिकारी लिंकला भेटायला नेवार्कच्या धावपट्टीवर आले तेव्हा हवा इतकी वाईट होती, की तो येणार नाही अशीच त्यांची समजूत झाली. लिंक काट्यांकडे बघत विमान घेऊन उतरला. लष्कराने त्याच्याकडून ६ यंत्रं घेतली, एकेक ३,५०० डॉलरला. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक वैमानिक या भात्यावरच्या विमानात शिकले.

करमणुकीतून लष्करात गेलेलं हे यंत्र परत करमणुकीत यायला मात्र अर्धशतक लागलं. ब्रूस आर्टविकने ॲपलच्या संगणकावर उड्डाणाचा खेळ आणला. १९८२ मध्ये तोच मायक्रोसॉफ्टच्या नावाने घरोघर गेला. निन्टेन्डोने १९९० मध्ये घरगुती कन्सोलसाठी 'पायलटविंग्ज' काढला. त्याची १९९६ ची पुढची आवृत्ती बनवताना निन्टेन्डोने पॅराडाइम सिम्युलेशन या कंपनीला सोबत घेतलं. तिचा मूळ धंदा लष्करी सिम्युलेटरचा.

तोपर्यंत सगळा कारभार अंगठ्यांचा होता. २००६ मध्ये निन्टेन्डोच्या 'वी' या कन्सोलने हातच कामाला लावले. रिमोटमध्ये त्वरणमापक चिप होती. गुरुत्वाकर्षण कुठल्या बाजूला ओढतं, त्यावरून तिला रिमोटचा कल कळे. सोनीनेही त्याच वर्षी प्लेस्टेशन ३ च्या कंट्रोलरला हलण्याची जाण दिली आणि 'वॉरहॉक'मधलं विमान तो नुसता तिरका करून उडवून दाखवलं. पण चिपचं दुखणं कानासारखंच होतं. हाताला हिसका बसला की कललं किती आणि हललं किती, हे तिला वेगळं करता येईना. 'लेअर' या खेळात कंट्रोलर झुकवून ड्रॅगन उडवायचा होता. लोक इतके वैतागले की २००८ मध्ये जुन्या काडीने खेळायची सोय मागाहून द्यावी लागली.

उपाय पुन्हा जायरोस्कोपच. २००९ मध्ये 'वी'च्या रिमोटला मोशनप्लस नावाचा तुकडा जोडला गेला. त्यात फिरतं चक्र नव्हतं. सिलिकॉनचे सूक्ष्म भाग थरथरत आणि त्या थरथरीतल्या बदलावरून वळण मोजलं जाई. सोबतच्या 'वी स्पोर्ट्स रिसॉर्ट'मध्ये रिमोट कागदी विमानासारखा चिमटीत धरायचा, मनगट झुकवायचं आणि वुहू बेटावर पाच मिनिटं घिरट्या घालायच्या. बेटावरची ८० ठिकाणं शोधणं एवढंच काम. डूलिटलची युक्ती ८० वर्षांनी शाळकरी मुलाच्या बोटांत आली होती.

या खेळात देह मात्र सोफ्यावरच राहतो. विमान कंपन्यांचे मोठे सिम्युलेटर सहा पायांवर डोलतात आणि कानाच्या त्याच भाबडेपणाचा फायदा घेतात. केबिन हळूच मागे कलवतात. पाठ खुर्चीत दाबली जाते आणि आतल्याला वाटतं, विमान धावपट्टीवर वेग घेतं आहे.

ही विद्या विदर्भात केव्हाच पोहोचली आहे. गोंदियाजवळ बिरसी इथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि सिम्युलेटर बनवणारी कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून वैमानिकांची शाळा काढली. लिंकच्या वारशातली सिम्युलेटर कंपनी २०२१ मध्ये याच सीएईने विकत घेतली. चिखलदऱ्याहून परतवाड्यामार्गे अमरावतीला उतरलं की बेलोऱ्याचा विमानतळ आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी तिथून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. एअर इंडियाने आपल्या वैमानिक शाळेसाठी हीच जागा निवडली. वर्षाला १८० वैमानिक घडवायचं तिचं उद्दिष्ट आहे. शिकवणीसाठी तिने ३४ विमानांची मागणी नोंदवली, ३१ एका इंजिनाची आणि ३ दोन इंजिनांची. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले किमान १० तास केवळ काट्यांकडे बघून काढायचे असतात, आणि त्यापैकी जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर चालतात. उरलेले तास हवेतच भरावे लागतात : डोळ्यांवर बाहेरचं दिसू न देणारं झाकण, समोर कृत्रिम क्षितिज आणि शेजारच्या खुर्चीत शिक्षक.