कोळशाचा धूर आणि बालकांचे श्वसनविकार : ब्रिटनमधील एका पाहणीचा इतिहास

लंडनच्या हवेविषयीची तक्रार जुनी आहे. जॉन एव्हलिन याने १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सला उद्देशून ‘फ्युमिफ्युजियम’ ही पुस्तिका लिहिली आणि दगडी कोळशाच्या धुरास नगरवासीयांच्या खोकल्याचे कारण ठरविले. तथापि कायद्याने दीर्घकाळ दोष कारखान्यांवरच ठेवला. १८९१ च्या लंडन सार्वजनिक आरोग्य कायद्यात राहत्या घरांची धुराडी वगळण्यात आली होती. घरातील शेकोटी हे इंग्रज कुटुंबजीवनाचे प्रतीक. तिला हात लावण्यास शासन धजावत नव्हते.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांच्या धूरमिश्रित धुक्याने ही स्थिती बदलली. तत्कालीन अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसे दगावली. २००१ मधील फेरतपासणीने हा आकडा १२,००० च्या आसपास नेला. वृद्ध आणि तान्ही मुले यांना सर्वाधिक झळ पोहोचली. बीव्हर समितीच्या अहवालानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला व घरगुती धूर प्रथमच नियंत्रणाखाली आला. मात्र एक प्रश्न अनुत्तरितच होता. असा धूर आधीच आजारी असलेल्यांनाच मारतो, की रोजच्या साध्या धुरानेही निरोगी मुलाची छाती बिघडते?

याचे उत्तर वेगळ्याच हेतूने सुरू झालेल्या पाहणीतून मिळाले. मार्च १९४६ च्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्या बालकांची नोंद प्रसूतिसेवा व बाळंतपणाचा खर्च अभ्यासण्यासाठी झाली होती. जे. डब्ल्यू. बी. डग्लस यांनी त्यांतील निवडक मुलांचा मागोवा पुढे चालू ठेवला. ही मुले देशभर विखुरलेली, आणि प्रत्येक गावातील हवेचे मोजमाप तर उपलब्ध नव्हते. म्हणून डग्लस व वॉलर यांनी घरगुती कोळशाच्या खपावरून वस्त्यांचे चार गट पाडले. ही युक्ती साधी होती; पण तिच्यामुळेच शेकोटी प्रथमच आरोपीच्या पिंजऱ्यात आली, असे म्हणता येईल.

१९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ३,८६६ मुलांची १५ वर्षे वयापर्यंतची माहिती आहे. सर्दी-पडशासारख्या वरच्या श्वसनमार्गाच्या विकारांचा प्रदूषणाशी संबंध दिसला नाही. खालच्या श्वसनमार्गाचे, म्हणजे श्वासनलिका व फुफ्फुसांचे विकार मात्र धुराच्या प्रमाणात वाढत गेले. मध्यमवर्गीय व कामकरी कुटुंबांतील मुलांत याबाबत फरक आढळला नाही. दोष गरिबीचा, धुराचा नव्हे, हा युक्तिवाद त्यामुळे दुबळा झाला.

पुढील निष्कर्षाचा उल्लेख सहसा टाळला जातो. हीच मुले २० वर्षांची झाल्यावर केलेल्या व १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोकल्याशी सर्वाधिक निगडित ठरले धूम्रपान. त्याखालोखाल वयाच्या पहिल्या दोन वर्षांतील छातीचा आजार. प्रदूषणाचा थेट प्रभाव अल्प दिसला. यात विसंगती नाही. धुराने शैशवात आजार वाढविला असेल, तर त्याचा परिणाम त्या आजाराच्या वाटेनेच तारुण्यात पोहोचणार.

कोळसा मागे पडला आणि वाहनांचा धूर आला. लंडनच्या लुईशॅम भागात वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी एला किसी-डेब्रा ही ९ वर्षांची दमेकरी मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये मरण पावली. पहिल्या चौकशीत प्रदूषणाचा विचारच झाला नाही. उच्च न्यायालयाने तो निष्कर्ष रद्द केल्यावर डिसेंबर २०२० मध्ये मृत्युसमीक्षकाने वायुप्रदूषण हे तिच्या मृत्यूचे एक कारण असल्याचे नोंदविले. हवेच्या धोक्याची माहिती तिच्या आईला देण्यात आली नव्हती, हेही त्याने नमूद केले.