‘डोळे मिटा’ म्हणण्याआधी

पोस्ट थोडी लांब आहे, पण विषय महत्त्वाचा आहे.

मी समुपदेशक आहे. सुरुवातीच्या काळात समोरचं माणूस अस्वस्थ दिसलं की मी सांगायचे, “डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या.” एकदा एका ताईंनी डोळे मिटले आणि अर्ध्या मिनिटात त्या थरथरायला लागल्या. ज्या प्रसंगापासून त्या इतकी वर्षं पळत होत्या, तो मिटल्या डोळ्यांसमोर उभा राहिला होता. चूक माझी होती. ती समजायला मला मागे जाऊन इतिहास वाचावा लागला.

१९६९ मध्ये सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून भारतात आले आणि विपश्यनेची शिबिरं घेऊ लागले. १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं. तिकडे अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यानातला धार्मिक भाग बाजूला ठेवून माइंडफुलनेसचा कार्यक्रम तयार केला. तो होता जुनाट दुखणी आणि ताण सोसणाऱ्यांसाठी. मानसिक आघातावरचा उपचार म्हणून तो बनलाच नव्हता. ‘पीटीएसडी’ हे निदान अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं ते पुढच्या वर्षी, १९८० मध्ये. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा लढा होता.

म्हणजे उगम दोन, वाटा दोन. पुढे आपण त्या एकत्र केल्या, पण सांधा नीट बसवला नाही.

१९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन यांनी आघातातून सावरण्याचा क्रम मांडला: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. ध्यानाने आठवणींचं दार पहिल्याच दिवशी उघडलं तर हा क्रमच उलटतो. २०१८ मध्ये डेव्हिड ट्रेलीव्हन यांनी याच धोक्यावर पुस्तक लिहिलं. आता मी सांगते, डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीला टेकलेत ते जाणवू द्या, नको वाटलं की लगेच थांबा. आणि हे सगळं थेरपीच्या सोबतीने, थेरपीऐवजी नाही. विपश्यनेच्या शिबिरांतही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना न येण्याचाच सल्ला देतात, हे आपण सोयीस्कर विसरतो.

आता ऐकणाऱ्याचं. दुसऱ्याचा आघात रोज ऐकून थेरपिस्टचंही मन बदलत जातं, याला १९९० मध्ये मॅककॅन आणि पर्लमन यांनी नाव दिलं. सत्राआधी दोन मिनिटं स्वतःच्या शरीराकडे बघितलं की खांदे कुठे आवळलेत ते मला कळतं, आणि ती भीती माझी की समोरच्याची हेही. पण रोज डझनभर केसेस, रजा नाही, मार्गदर्शन करणारं कुणी वरिष्ठ नाही, अशा नोकरीत श्वास तरी किती पुरणार?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क केलाय. म्हणून पूर, अपघात किंवा अत्याचारानंतर कुणी एक दिवसाचं ध्यानशिबिर घेऊन, फोटो काढून निघून गेलं, तर एवढंच विचारा: उद्यापासून या लोकांशी बोलायला कोण येणार आहे?