जुन्या लॅपटॉपवर नवी प्रणाली : पुसण्यापूर्वी काय राखून ठेवावे

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवशी कोणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही. थांबला तो सुरक्षाविषयक दुरुस्त्यांचा ओघ. विंडोज ११ अधिकृतपणे बसवण्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था, सिक्युअर बूटची सोय, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धात आलेल्या मालिकेतला किंवा त्यानंतरचा असावा लागतो. पडदा आणि कळफलक ठणठणीत असलेले, २०१२ ते २०१६ च्या सुमारास घेतलेले लॅपटॉप या अटीत बसत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्सची एखादी आवृत्ती नव्याने बसवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यांपैकी विंडोजच्या सवयीशी जुळणारी लिनक्स मिंट येथे नमुन्यादाखल घेतली आहे. २०२४ मध्ये आलेल्या तिच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

प्रणाली बसवण्याचे काम तासाभरात उरकते. खरी जोखीम त्याआधीच्या तयारीत असते. नवी प्रणाली बसवताना डिस्क पुसली जाते आणि पुसलेले परत मिळेलच याची हमी कोणीही देऊ शकत नाही. म्हणून छायाचित्रे आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत व ती दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावीत. नुसती फाइलींची नावे दिसणे पुरेसे नाही. ‘डेस्कटॉप’ आणि ‘डाउनलोड्स’ हे फोल्डर हमखास विसरले जातात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवावी. ती हाताशी नसेल, तर काढून ठेवलेली डिस्क पुढे उघडणार नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी याहून नाजूक प्रश्न जुन्या फॉन्टचा आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी श्री-लिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांत टंकलेला मजकूर संगणक मराठी म्हणून ओळखतच नाही. त्याच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, फॉन्ट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की देवस्थानचा वीस वर्षांचा इतिवृत्तान्त किंवा अप्रकाशित नाटकाची संहिता म्हणजे निरर्थक चिन्हांची रास उरते. यासाठी दोन गोष्टी कराव्यात. विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधील संबंधित फॉन्ट-फाइली कागदपत्रांसोबतच जपून ठेवाव्यात आणि जुनी प्रणाली चालू आहे तोवर महत्त्वाच्या फाइलींच्या पीडीएफ प्रती काढाव्यात. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सहसा सोबतच साठवले जातात, त्यामुळे वाचन तरी अबाधित राहते. मूळ फाइल टाकून देऊ नये. फॉन्ट-परिवर्तकाने तिचे युनिकोडमध्ये रूपांतर नंतरही करता येते.

जुनी डिस्क पुसूच नये, हा सर्वांत निर्धोक मार्ग. या काळातील बहुतेक लॅपटॉपांत अडीच इंची साटा हार्ड डिस्क असते. ती काढून त्याच आकाराची एसएसडी बसवावी आणि जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून कपाटात ठेवावी. यात सुरक्षितता तर मिळतेच, पण वेगही. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, तर साटा एसएसडी ५०० एमबीच्या जवळ जाते. जुना लॅपटॉप ‘संथ’ झाल्याची तक्रार अनेकदा प्रोसेसरची नसून डिस्कची असते. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ जीबी करणे हा दुसरा सार्थ खर्च. मात्र खरेदीपूर्वी यंत्रात डीडीआर३ लागते की डीडीआर४, हे पाहून घ्यावे.

मिंटची आयएसओ फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि तिथे दिलेल्या पडताळणी-अंकाशी ती जुळवून पाहावी. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस किंवा एचर या साधनाने ती चढवली जाते. पेनड्राइव्हवरील आधीचे सारे यात नष्ट होते. लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होच्या अनेक यंत्रांत एफ१२, एचपीमध्ये एफ९ व आसुसमध्ये एस्केप ही कळ चालते. एसरमध्ये एफ१२ ची सोय कधी कधी बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावी लागते.

पेनड्राइव्हवरून सुरू झालेली मिंट डिस्कला हात न लावता वापरून पाहता येते. या सोयीकडे दुर्लक्ष करू नये. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते की नाही, हे सारे इथेच तपासावे. ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असल्यास ती प्रारंभी दिसत नाही असे घडते. तेव्हा मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर घ्यावा. टॅलीसारखी विंडोजसाठीची हिशेब-प्रणाली लिनक्सवर थेट चालत नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचीही आधी खात्री करावी. रोजचा व्यवसाय यांवरच चालत असेल, तर ते यंत्र विंडोजवरच ठेवणे शहाणपणाचे.

प्रत्यक्ष बसवणीत भाषा, कळफलक, डिस्क, नाव व पासवर्ड एवढेच विचारले जाते. धोका फक्त डिस्कच्या टप्प्यावर आहे. प्रती साठवलेली बाह्य डिस्क त्या वेळी जोडलेली असल्यास चुकून तीच पुसली जाऊ शकते, म्हणून ती आधी काढून ठेवावी. पावसाळ्यात गोव्यातील वाड्यांवर वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा नाममात्र उरलेली असते. बसवणीच्या मध्यात वीज गेली तर सारे पुन्हा करता येते, पण बायोस अद्ययावत करताना ती गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. ते काम इन्व्हर्टरशिवाय करू नये. टचपॅड वर उचलला गेल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. अशी बॅटरी चार्ज न करता कारागिराकडून काढून घ्यावी.

नवी प्रणाली सुरू झाल्यावर प्रथम अपडेट मॅनेजर चालवावा आणि टाइमशिफ्टमध्ये प्रणालीची एक प्रत घ्यावी. कळफलकाच्या मांडणीत मराठी जोडली की टंकन सुरू करता येते. जपून ठेवलेल्या जुन्या फॉन्ट-फाइली याच वेळी बसवून लिब्रेऑफिसमध्ये एखादे जुने कागदपत्र उघडून पाहावे. इतके करूनही संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ असे सांगत उघडेनाशी झाली, तर आधी घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला की तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि ब्राउझर संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नाकारतो. सेल बदलला की ही अडचण दूर होते.