'वेन' : एका चिनी चिन्हाचा अर्थेतिहास

साहित्य ही संकल्पना सार्वत्रिक असून भाषागणिक बदलते ते केवळ तिचे नाव, असे गृहीत धरून तौलनिक साहित्याभ्यास पुष्कळदा चालतो. पूर्व आशियात 'साहित्य' या अर्थी रूढ असलेल्या शब्दांच्या मुळाशी 'वेन' हे चिनी चिन्ह आहे. त्याचा इतिहास पाहता हे गृहीतक तपासून घ्यावे लागते.

आन्‌यांग येथील शांगकालीन अस्थिलेखांत हे चिन्ह समोरून दिसणाऱ्या मनुष्याकृतीसारखे असून काही रूपांत तिच्या छातीवर खूण आढळते. ही खूण गोंदणाची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. शिराकावा शिझुका या जपानी पंडितांनी तिचा संबंध अंत्यविधीशी जोडला. शू शेन यांनी इ. स. १०० च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'श्वोवेन ज्येत्झ' या कोशात मात्र 'परस्परांना छेदणाऱ्या रेषा' असा अर्थ दिला आहे. अस्थिलेख विद्वानांच्या नजरेस आले ते १८९९ च्या सुमारास. शू शेन यांच्यासमोर ते नव्हते. तरीही या सर्व उपपत्तींत 'नक्षी' हा अर्थ समान आहे. त्यातूनच लेखन, संस्कार आणि 'वू' म्हणजे शस्त्रबळ याच्या विरोधी असा नागरी सत्तेचा अर्थ विकसित झाला. पुढे नक्षीसाठी रेशीमवाचक अंग जोडलेले वेगळे चिन्ह रूढ झाले आणि 'वेन' प्रामुख्याने लेखनाकडे राहिले. इ. स. ५०० च्या सुमारास ल्यू श्ये यांनी 'वेनशिन द्याओलोंग' या ग्रंथात मानवी लेखनाची सांगड आकाश आणि पृथ्वी यांच्या नक्षीशी घातली. त्यांच्या विवेचनात काव्याबरोबरच राजाज्ञा, अर्ज आणि स्मृतिलेखही येतात. कल्पितता हा तेथे व्यवच्छेदक निकष नाही.

'वेनश्वे' हा सामासिक शब्द कन्फ्यूशियसच्या 'संवादां'त ग्रंथाध्ययन या अर्थी येतो. त्याचेच जपानी रूप 'बुंगाकु'. १८७७ मध्ये तोक्यो विद्यापीठात स्थापन झालेल्या 'बुंगाकु' विद्याशाखेत इतिहास, तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र यांचाही अंतर्भाव होता. 'लिटरेचर'चा प्रतिशब्द म्हणून हा शब्द संकोचत गेला तो त्यानंतर. नात्सुमे सोसेकी यांनी 'बुंगाकुरोन' (१९०७) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चिनी परंपरेतील 'बुंगाकु' आणि इंग्रजीतील 'बुंगाकु' एकाच व्याख्येत बसत नाहीत, असे नमूद केले. शब्द एक असताना संकल्पना दोन असल्याची ही जाणीव होय. संकोचलेला अर्थ जपानमार्गे चीनमध्ये परतला, तेव्हा जांग तायान यांनी १९१० मध्ये, लिपिबद्ध झालेले सर्व काही 'वेन' होय, अशी व्यापक भूमिका मांडली.

कोरियात 'मुन' या उच्चाराला सत्तेचा संदर्भ होता. १४४३ मध्ये राजा सेजोंग यांनी सिद्ध केलेल्या देशी लिपीला 'ओन्मुन', म्हणजे लोकबोलीची लिपी, असे म्हटले जाई. १८९४ च्या सुधारणांत ती 'कुग्मुन', म्हणजे राष्ट्रीय लिपी, ठरली. यी ग्वांग-सू यांनी १९१६ मध्ये 'मुनहाक' हा 'लिटरेचर'चा अनुवाद असल्याचे स्पष्टपणे सांगून जुन्या अर्थापासून फारकत घेतली. व्हिएतनाममध्ये हनोई येथील 'वान मियेव' हे कन्फ्यूशियसचे मंदिर १०७० मध्ये स्थापन झाले. चिनी विद्येवर आधारलेल्या राजपरीक्षा १९१९ मध्ये संपल्या. आज तेथे 'वान' रोमन लिपीत लिहिले जाते. नक्षी गेली तरी साहित्य आणि संस्कृती यांचे वाचक शब्द टिकले.

देरिदा यांनी १९६७ मध्ये, सिनोलॉजिस्ट झाक झेर्ने यांच्या आधारे, 'वेन'च्या या व्यापक अर्थक्षेत्राचा दाखला लेखनविचारात दिला. परंतु चिन्हाच्या आदिरूपात अर्थाचे सत्त्व शोधणे धोक्याचे आहे, हे व्हिएतनामी उदाहरण दाखवते. 'वेन'चा अर्थ घडवला तो परीक्षापद्धती, विद्यापीठे आणि अनुवाद यांनी.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त वाङ्मयाचे शास्त्र आणि काव्य असे दोन भाग केले; आज आपण 'वाङ्मय' आणि 'लिटरेचर' सहजपणे समानार्थी धरतो. त्या समीकरणात काय गळून पडले, याचा शोध आपल्याही परिभाषेत घ्यावयास हवा.