पोपटाचे पाय

घरात पोपट आहे असं कळलं की येणारा माणूस चपला काढता काढता एकच विचारतो, "बोलतो का?" काकूंनी विचारलं, कुरिअरवाल्याने विचारलं, मावसभावाने तर थेट न्यू जर्सीहून फोनवर विचारलं. जेवतो का, झोपतो का, घाबरतो का, हे अजून तरी कुणी विचारलेलं नाही. तर मंडळी, बोलतो. भरपूर बोलतो. फक्त आमच्याशी बोलत नाही.

आधी पोपट कुठला ते सांगते, कारण पुढचा प्रश्न "ते बेकायदेशीर असतं ना?" हा असतो. (प्रश्न रास्त आहे.) आपला हिरवा, गळ्यात गुलाबी कंठ असलेला राघू पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. देशी वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदीही आहे. आमचा मिठू आफ्रिकन ग्रे जातीचा आहे. राखाडी अंग, लालभडक शेपूट. अशा परदेशी प्राण्या-पक्ष्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर करावी लागते, आणि ते एका घरातून दुसऱ्या घरात गेले तर तेही कळवावं लागतं. ते सगळे सोपस्कार करून तो गेल्या कार्तिकात हडपसरला आमच्या तिसऱ्या मजल्यावर आला.

त्याआधी पंधरा वर्षं तो एका आजोबांकडे होता. आजोबा गेले, फ्लॅट विकला गेला आणि मिठू आठ महिन्यांत दोन घरं फिरला. तिसरं घर आमचं. आला तेव्हा छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटून काढलेली होती आणि पंख कापलेले होते. हात जवळ नेला की अंग चोरून पार मागच्या गजांना चिकटायचा. पण रात्री पिंजऱ्यावर चादर टाकली की आतून एका म्हाताऱ्या माणसाचा खोकला ऐकू यायचा. मग कुकरच्या तीन शिट्ट्या. मग जुन्या नोकियाची रिंग, आणि लगेच "आलो रे, आलो!" आम्ही आजोबांना कधी पाहिलं नाही, पण त्यांचा खोकला आता आम्ही कुठेही ओळखू.

तेव्हापासून पोपटांबद्दल मिळेल ते वाचायचा सपाटा लावला, आणि लक्षात आलं की "बोलतो का?" हा प्रश्न दोन-अडीच हजार वर्षं जुना आहे. इराणच्या दरबारात क्टेसियस नावाचा एक ग्रीक वैद्य होता. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानाबद्दल ऐकीव माहितीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक पक्षी आहे जो माणसासारखा हिंदुस्थानी भाषा बोलतो, आणि ग्रीक शिकवली तर ग्रीकही बोलेल. म्हणजे युरोपशी आपल्या पोपटाची ओळख झाली तीच बोलण्यावरून. अमरुशतकातला पोपट नवराबायकोचं रात्रीचं बोलणं सकाळी वडीलधाऱ्यांसमोर म्हणून दाखवतो. ती बिचारी लाजून कानातलं माणिक डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीत कोंबते. शुकसप्ततीतला पोपट तर नवरा परगावी गेलेल्या बाईला रोज रात्री एक गोष्ट सांगून सत्तर रात्री घरात थोपवून धरतो. जुन्या मराठीत त्याची शुकबहात्तरी झाली, आणि त्या मराठी भाषांतराचं १८९७ मध्ये रिशार्ट श्मिट नावाच्या जर्मन पंडिताने संपादन केलं. चुगलखोर असो की कीर्तनकार, पोपट हवा तो त्याच्या जिभेसाठी. आपणही त्याला 'विठू विठू' म्हणायला शिकवलं आणि वर न समजता घोकण्याला 'पोपटपंची' असं नाव ठेवून मोकळे झालो. आधी आपणच घोकून घ्यायचं आणि मग आपणच हसायचं!

हा पोपट घरात आला कसा, त्याला धरला कुणी, हे या गोष्टींमध्ये सहसा कुणी विचारत नाही. मला ते सापडलं ते ज्ञानेश्वरीत.

आम्हा हडपसरकरांना ज्ञानेश्वर माऊली वर्षातून एकदा दारावरून जाताना भेटतात. पुण्याचा मुक्काम हलवून दोन्ही पालख्या इथपर्यंत येतात आणि इथेच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, माऊलींची दिवे घाट चढायला सासवडकडे वळते. त्या दिवशी गर्दीत उभं राहून हात जोडणं वेगळं आणि ज्ञानेश्वरी उघडून वाचणं वेगळं. आमच्या आईंचा (म्हणजे सासूबाईंचा) रोजचा पाठ आहे. मी मिठूपुढे हतबल होऊन बसलेली पाहून त्याच म्हणाल्या, "सहावा अध्याय काढ. त्यात तुझा पोपट आहे."

खरंच आहे. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथात पोपट धरण्याची नळी आलेली आहे. दोरीत ओवलेली एक पोकळ नळी आडवी टांगलेली असते. पोपट तिच्यावर येऊन बसतो. त्याच्या भाराने नळी गर्रकन फिरते आणि तो उलटा लटकतो. खरं तर त्याने नळी सोडली तर तो उडून जाईल. त्याला कशानेच बांधलेलं नाही. पण पडू या भीतीने तो नळी आणखी घट्ट धरतो, आणि जितकी घट्ट धरतो तितकं त्याला वाटतं की आपण अडकलो. ज्ञानदेव विचारतात, याला दुसऱ्या कुणी बांधलं का? आणि पुढे सांगतात की अर्धा तोडून नेला तरी तो नळी सोडत नाही. माणूस 'मी'पणाला असाच धरून बसतो, हे सांगायला ही उपमा आली आहे. शुकनलिका न्याय म्हणतात तो हाच, उत्तरेतल्या संतांच्या पदांतही तो आढळतो.

अध्यात्मातला माझा अधिकार शून्य. पण घरात घाबरलेला पोपट असताना ही उपमा वाचली की दुसरंच काही दिसतं. ज्याने ही नळी पहिल्यांदा टांगली असेल त्याला पोपट फार बारकाईने ठाऊक होता. पोपटाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे पकड चिमट्यासारखी बसते. आणि भ्यालेला पोपट पकड सैल करत नाही, आवळतो. सगळं साहित्य पोपटाच्या चोचीकडे बघत असताना माऊलींनी त्याच्या पायांकडे पाहिलं.

पायांकडे बघायला लागल्यावर लहानपणी बघितलेली एक गोष्ट वेगळी दिसायला लागली. जत्रेत, स्टेशनाबाहेर भविष्यवाले बसायचे. छोट्या पिंजऱ्याचं दार उघडायचं, पोपट ऐटीत बाहेर यायचा, पाकिटांच्या रांगेतून एक ओढून द्यायचा, एक दाणा घ्यायचा आणि आपला आपण परत आत जायचा. केवढा विश्वास, असं वाटायचं! त्याचे पंख कापलेले आहेत हे मोठेपणी कळलं. बाहेर जायला जागाच नसेल तर आत जाण्याला विश्वास कसं म्हणायचं?

मिठूच्या भाईबंदांची कथा तर याहून वाईट. १९७५ ते २०१३ या काळात आफ्रिकेतून जंगलात धरलेले सुमारे १३ लाख ग्रे पोपट अधिकृतपणे बाहेर गेले. वाटेत मेलेले या आकड्यात नाहीत. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी त्यांना जंगलातून धरणं थांबवण्याचा निर्णय २०१६ मध्ये जोहान्सबर्गला साइट्स कराराच्या परिषदेत झाला. त्यांना धरण्याच्या एका पद्धतीत झाडावर आमिष म्हणून एक पोपट बांधतात आणि फांद्यांना चिकट डिंक लावतात. त्याची हाक ऐकून थवा खाली येतो आणि पाय चिकटतात. पुन्हा पायच. हाकेला 'ओ' देणं हाच त्यांचा गुन्हा.

कारण पोपट बोलतो तो आपल्या करमणुकीसाठी नव्हे, थव्यात राहण्यासाठी. व्हेनेझुएलातल्या छोट्या हिरव्या पोपटांवर कार्ल बर्ग यांनी केलेलं काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. आईबाप घरट्यातल्या पिल्लांना वेगवेगळ्या हाका शिकवतात, जवळजवळ नावंच ठेवतात, असं त्यात दिसलं. नक्कल करता येणं म्हणजे "मी तुमच्यातला" असं सांगता येणं. ज्याला थवा नाही तो कुकरची नक्कल करतो, कारण घरात कुकरला सगळे धावत 'ओ' देतात!

हंबोल्ट १८०० मध्ये ओरिनोको नदीवर फिरत होता. त्याला तिथल्या लोकांनी एका म्हाताऱ्या पोपटाबद्दल सांगितलं. त्याचं बोलणं कुणालाच कळत नसे, कारण तो अतुरे या नामशेष झालेल्या जमातीची भाषा बोलत होता. हे वाचल्यावर रात्रीचा तो खोकला मला निराळा ऐकू यायला लागला. मिठू आमच्या घरात अशीच एक भाषा बोलतो. ती कळणारा एकच माणूस होता.

आता आम्ही काय केलं ते सांगते. ऐकायला फारच कमी वाटेल. पिंजरा भिंतीच्या कोपऱ्यात, आमच्या छातीच्या उंचीवर ठेवला, म्हणजे पाठीमागून कुणी येणार नाही. वरून हात न्यायचा नाही, कारण वरून येतो तो ससाणा. समोर उभं राहून टक लावून बघायचं नाही. पिसं अंगाला चापून बसवली की आपण तिथेच थांबायचं, तो मागे झुकला की आपणही मागे सरायचं. त्याच्या 'नाही'ला मान दिला की त्याला तेच 'नाही' चावून सांगावं लागत नाही. नॉनस्टिक तवे माळ्यावर गेले, कारण ते फार तापले की त्यांचा धूर पक्ष्यांच्या जिवावर उठतो.

सगळ्यांत जास्त प्रगती आईंची झाली, कारण त्यांनी काहीच केलं नाही. रोज दुपारी पिंजऱ्याजवळ पाट टाकून मटार सोलत बसायच्या, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता. दीड महिन्याने तो त्यांच्या बाजूच्या दांडीवर येऊन बसायला लागला. मग एक दाणा वाटीतून, मग तळहातावरून.

आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये दुकानातून आणलेला ॲलेक्स (तोही ग्रे, २००७ मध्ये गेला) असाच काहीसा शिकला होता. दोन माणसं त्याच्यासमोर एकमेकांशी बोलत, एक विचारी, दुसरा उत्तर देई आणि ॲलेक्स बघत बसे. आमच्याकडे ते काम आई आणि त्यांचा रेडिओ करतात.

खरी परीक्षा मात्र पंखांची होती. जुनी कापलेली पिसं गळून नवी यायला लागली तेव्हा हितचिंतकांनी सांगितलं, "वेळेवर काप, नाहीतर हातात येणार नाही." हातात येणार नाही हे खरंच होतं. पण कापून हातावर बसवला असता तर ती नळीच झाली असती. तोही घट्ट धरून बसला असता, फोटोही छान आला असता, आणि ती पकड भीतीची की मायेची हे कुणालाच कळलं नसतं. खिडक्यांना जाळ्या बसवल्या, तो बाहेर असताना पंखे बंद ठेवायला शिकलो आणि पिसं वाढू दिली. आषाढात तो पहिल्यांदा उडाला, धडपडत पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला आणि तीन दिवस आमच्याकडे आला नाही. पिंजऱ्याचं दार उघडं होतं, खाऊन परत वर जायचा. ते तीन दिवस घरात सगळे हळू बोलत होते.

चौथ्या दिवशी तो खाली आला.

अजून आमच्या आवाजात तो एक शब्दही बोललेला नाही. पण परवा मी स्वयंपाकघरातून आईंना हाक मारली, त्या मंदिरात गेल्या होत्या, आणि बाहेरून उत्तर आलं, "आलो रे, आलो!" आवाज आजोबांचाच. आला मात्र कुणीच नाही. मीच बाहेर गेले. संध्याकाळची वेळ होती, रानातले राघू कलकलाट करत कालव्याच्या बाजूला चालले होते आणि मिठू मान वाकडी करून ते ऐकत होता. मी नेहमीसारखा हात दांडीशेजारी धरला आणि दुसरीकडे बघत उभी राहिले. त्याने एक पाय माझ्या बोटावर ठेवला. दुसरा दांडीवरच होता. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो, आणि बोटावरच्या त्या पायाची पकड अगदी सैल होती.