पाठ्यपुस्तकावर विश्वास ठेवणारी मुले

जुलै १९४२ ते जानेवारी १९४३ या काळात युद्धआघाडी रशियातील वोरोनेझ शहराच्या मधून जात होती. उजव्या तीरावर जर्मन आणि डाव्या तीरावर लाल सेना. शहर परत हाती आले तेव्हा दहातली नऊ घरे जमीनदोस्त झाली होती. त्या ढिगाऱ्यांत शाळा पुन्हा भरू लागल्या. १९४६ साली दुष्काळ पडला आणि त्यामागून उपासमार आली. सरकारने रेशनचे भाव वाढवले, धान्याची निर्यात मात्र चालूच ठेवली. वर्तमानपत्रांत भुकेविषयी अक्षर नव्हते.

१९४७ मध्ये याच शहरातील काही शाळकरी मुलांनी ‘तरुणांचा कम्युनिस्ट पक्ष’ नावाची गुप्त संघटना काढली. तिचा म्होरक्या बोरिस बातुएव. त्याचे वडील प्रांतिक पक्षसमितीतले वरिष्ठ पदाधिकारी होते. पुढे कवी म्हणून नाव मिळवलेला अनातोली झिगुलिन हा त्याचा जवळचा सोबती. तेव्हा दोघेही सतरा-अठरा वर्षांचे. सभासद वाढत पन्नासच्या वर गेले. एका गटातल्या मुलांना दुसऱ्या गटातल्यांची नावे माहीत नसत. त्यांचे मुख्य काम म्हणजे मार्क्स आणि लेनिन मुळातून वाचणे. त्यांचा कार्यक्रम समाजवाद उलथण्याचा नव्हता. लेनिनच्या वाटेवर परत जावे आणि स्टालिनचे देव्हारे थांबवावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

गुप्त संघटना कशी बांधावी हे या मुलांना कोणी शिकवले? माझ्या मते, खुद्द सरकारनेच. बोल्शेविकांची भूमिगत मंडळे, झारविरोधी बंडखोर, शपथा आणि छुपी पत्रके हा तर त्यांच्या इतिहासाच्या तासाचा अभ्यास होता. त्यातच १९४६ मध्ये फादेयेवच्या ‘तरुण रक्षकदल’ या कादंबरीला स्टालिन पारितोषिक मिळाले. जर्मनव्याप्त क्रास्नोदोन गावातील किशोरवयीन मुलांच्या भूमिगत लढ्याची ती कथा. देशभरच्या मुलांपुढे हाच आदर्श ठेवला गेला.

त्या कादंबरीचे पुढे जे झाले, ते मला या साऱ्या प्रकरणाची किल्ली वाटते. १९४७ च्या अखेरीस ‘प्रावदा’ने तिच्यावर टीका केली: मुलांना मार्गदर्शन करणारा पक्ष कादंबरीत पुरेसा दिसत नाही. फादेयेवला ती पुन्हा लिहावी लागली आणि १९५१ मध्ये सुधारित आवृत्ती आली. म्हणजे जर्मनांविरुद्धसुद्धा मुलांनी आपल्या बुद्धीने काही केले, हे कागदावरही खपत नव्हते. मग वोरोनेझच्या मुलांची गत काय होणार?

१९४९ च्या सप्टेंबरात अटकसत्र सुरू झाले. झिगुलिन तेव्हा वनशास्त्राचा विद्यार्थी होता. महिनोन्‌महिने चौकशी चालली. १९५० मध्ये न्यायालयासमोर उभे न करताच, सुरक्षा खात्याच्या ‘विशेष मंडळा’ने शिक्षा ठरवल्या. झिगुलिनच्या वाट्याला दहा वर्षे आली. आधी सैबेरियातील ताइशेत, मग कोलिमा. मॉस्कोतील अशाच एका तरुण मंडळाचा निकाल १९५२ मध्ये लागला, तेव्हा त्यातल्या विशीच्या आसपासच्या तिघांना गोळ्या घालण्यात आल्या. १९४७ मध्ये रद्द झालेली फाशीची शिक्षा दरम्यान, १९५० च्या जानेवारीत, परत आली होती.

या शिक्षांचा अर्थ ‘हुकूमशाहीला विरोध सहन होत नाही’ एवढाच लावला, तर माझ्या मते निम्मी गोष्ट निसटते. तत्त्वज्ञानावर विश्वास नसलेला माणूस सभेत टाळ्या वाजवून घरी जातो. त्याच्यापासून सत्तेला फारसे भय नाही. धोका असतो तो पुस्तकात लिहिलेले खरे मानणाऱ्याचा. तो पुस्तक उघडून शेजारी रस्त्यावरची भूक मांडतो आणि हिशेब विचारतो. त्याला ‘शत्रू’ म्हणायचे तर आपलेच शब्द खोडावे लागतात.

झिगुलिन १९५४ मध्ये सुटला. १९५६ च्या फेब्रुवारीत ख्रुश्चेव्हने पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात, बंद दाराआड, स्टालिनच्या व्यक्तिपूजेवर भाषण केले. त्याच वर्षी झिगुलिन रीतसर निर्दोष ठरला. त्याच्या आठवणींचे पुस्तक ‘काळे दगड’ छापले जायला मात्र १९८८ साल उजाडावे लागले. पक्षाच्या सर्वोच्च नेत्याने जे १९५६ मध्ये म्हटले, ते वोरोनेझच्या मुलांनी नऊ वर्षे आधी म्हटले होते. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी धडा वेळेआधी वाचला आणि वाचण्यासाठी कोणाची परवानगी घेतली नाही.