शॉडी

पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ आठवते. वर्गात मीही वर्षानुवर्षे तेच शिकवले. पण कापडाच्या व्यापारात पानिपतची ओळख निराळी आहे. परदेशात टाकून दिलेले लोकरी कपडे गठ्ठ्यांनी तिथे येतात, त्यांचे पुन्हा सूत होते आणि त्या सुताची ब्लँकेटे. या मालाचे नाव शॉडी. इंग्रजीत हाच शब्द आपण हलक्या, कशातरी उरकलेल्या कामाला वापरतो. आधी कापड होते, शिवी मागाहून आली!

यॉर्कशायरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून सूत काढले. नेपोलियनशी युद्ध चालू होते, लोकरीची टंचाई होती. बायका चिंध्या रंगावार निवडत, शिवणी आणि बटणे काढत. निवड चांगली झाली की रंगवण्याचा खर्चही वाचे. मग दातेरी रुळाचे यंत्र त्या फाडून काढी. कामगार त्याला 'डेव्हिल' म्हणत, म्हणजे सैतान. फाडताना तंतू आखूड होतात, म्हणून नवी लोकर घालावीच लागते. किती घालायची, हे मात्र गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नाही. सगळी गोम तिथे आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. घाईघाईने गणवेश हवे होते. कंत्राटदारांनी असले निकस कापड शिपायांच्या अंगावर घातले की ते थोड्याच दिवसांत विरले. वर्तमानपत्रांनी झोडपले, आणि शब्द कायमचा बदनाम झाला. मला हा अन्याय वाटतो. लबाडी कंत्राटदाराची, नाव गेले चिंधीचे. गोरगरिबांना परवडणारी ऊब याच कापडाने दिली होती. आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या गोधडीला कोणी हलकी म्हणत नाही.

असो. त्या ऊबेची खरी किंमत दुसऱ्याच कोणी मोजली. चिंध्या फाडताना उडणाऱ्या धुळीने बॅटलीच्या कामगारांना ताप येई, खोकला लागे. त्याला 'शॉडी फीव्हर' असे नावच पडले होते.

फाळणीनंतर निर्वासितांनी गजबजलेल्या पानिपतात हा धंदा पुढे फोफावला. आपत्तीत वाटायच्या स्वस्त ब्लँकेटांसाठी त्याला जगभर मागणी होती. अलीकडे पॉलिस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी ती बरीच खाल्ली, तेव्हा पुष्कळ गिरण्या सुती चिंध्यांच्या सुताकडे वळल्या. निवडायचे काम मात्र आजही बायकाच करतात. जमिनीवर बसून कोटांच्या चेनी आणि बटणे कापतात, आणि धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला ओढणी बांधतात.